महिना पावणेदोन

“जुन्नरला जायचं आणि शिवनेरी बघायचा नाही?”

वहिनींनी हे विचारलं आणि कल्याणच्या काळ्या तलावाच्या कट्ट्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. प्रश्न रास्त होता. ज्या किल्ल्यावर महाराज जन्मले त्याच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि वर पाऊल न ठेवता परतायचं, हे कुणाच्याच मनाला पटत नव्हतं. पण सरांनी हिशेब मांडला. दिवस एक, माणसं सतरा, त्यातल्या चौघांचे गुडघे दुखरे. किल्ला धरला तर दिवस किल्ल्यावरच संपतो. “किल्ल्यासाठी मुक्कामाला जाऊ,” सर म्हणाले, “या खेपेला आपण बाजारासाठी जाऊ. रविवार आहे. आणि जुन्नर म्हणजे मुळात बाजारच.”

सर म्हणजे आमच्या सकाळच्या फिरण्यातले सर. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर आमच्या वाट्याला आले. त्यांच्यामुळेच आम्ही तलावाभोवती नुसत्या फेऱ्या मारत नाही, बोलतोही. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी ठेवी आणि कर्जं या दोन टेबलांवर. त्यामुळे ‘बाजार’ म्हटलं की माझे कान टवकारतात.

पहाटे पाचला गाडी निघाली. मुरबाड मागे पडलं, टोकावड्याला चहा झाला. वैशाखऱ्याजवळ सरांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत अजून निळसर होती आणि तिच्या माथ्यावर एक सुळका अंगठ्यासारखा उभा होता. नानाचा अंगठा. “संध्याकाळी आपण त्याच्या डोक्याशी उभे असू,” सर म्हणाले. “आपली गाडी माळशेजनं वळसा घालून जाणार. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल मात्र इथूनच, नाणेघाटानं, सरळ वर चढायचा. बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. दोन हजार वर्षांपूर्वी.”

कल्याणचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या माहितीत ‘कल्लिएना’ असं येतं, हे मी ऐकून होते. पण ऐकणं वेगळं. मी कल्याणात जन्मले, तिथेच नांदले, रोज लोकलनं आले-गेले. कल्याण म्हणजे माझ्यासाठी सात नंबरचा फलाट, नाहीतर खाडीचा वास. हे गाव कुठल्या तरी वाटेचं एक टोक असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दुसरं टोक साडेआठला समोर आलं. गणेशखिंड ओलांडून खाली उतरलो, शिवनेरी पुढ्यात उभा राहिला आणि तो पुढे दिवसभर हटला नाही. जुन्नरमध्ये कुठल्याही बोळात वळा, बोळाच्या शेवटी तो असतोच. गाडीतून उतरल्या उतरल्या वहिनींनी चपला काढल्या, किल्ल्याकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “चला आता बाजाराला.” त्यांच्या मनातलं तेवढ्यावर शांत झालं, आणि आमच्याही.

नाश्त्याच्या हॉटेलाकडे जाताना आमच्यातल्या एकाचं लक्ष एका दुकानाच्या पाटीकडे गेलं. नावाखाली पत्ता रंगवला होता: कल्याण पेठ, जुन्नर. आम्ही सतरा कल्याणकर त्या पाटीखाली रस्ता अडवून उभे राहिलो. दुकानदार बाहेर आले, त्यांना वाटलं काही हवंय. आम्ही कल्याणचे म्हटल्यावर ते हसले. “मग तुमचीच पेठ की.”

जुन्नरला पेठा पुष्कळ. सदाबाजार पेठ हे नाव तर मला इतकं आवडलं की दिवसभर मी ते मनात घोळवत होते. सदा बाजार. जुनं नगर म्हणून जुन्नर, जीर्णनगर म्हणून जुन्नर, अशी नावाची फोड करतात. पण जीर्ण म्हणावं असं त्या सकाळी तरी तिथं काही नव्हतं. पिकअप गाड्या उतरत होत्या, मेथीच्या जुड्यांचे ढीग लागत होते. कोथिंबिरीचा वास इतका दाट, की रस्ता विचारायची गरजच पडली नाही. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांतून आलेल्या बायका गोणपाटावर नवा तांदूळ घेऊन बसल्या होत्या: इंद्रायणी, आंबेमोहोर. एकीपुढे सुकवलेल्या बाळहिरड्यांची छोटी रास. तिच्याशेजारी काळा घेवडा आणि हुलगे. तराजू होते, इलेक्ट्रॉनिक काटेही होते. पण एका म्हाताऱ्या आजीपुढे अजून पितळी मापटं दिसलं. माप भरलं की ती वरून हातानं आणखी एक चिमूट टाकायची, आणि ती चिमूट टाकताना गिऱ्हाइकाकडे बघायची नाही. जास्तीचं दिलंय हे दाखवायचं नसतं, एवढंच त्यातून मला कळलं.

हरभऱ्याच्या पोत्यापाशी सर थांबले आणि आम्हाला एका घोड्याची गोष्ट सांगितली.

१४६९ साली अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून पायपीट करत जुन्नरला आला. मूळचा व्होल्गाकाठच्या त्वेरचा. सोबत विकायला एक घोडा. घोडे तेव्हा समुद्रापलीकडून यायचे आणि सोन्याच्या भावानं विकले जायचे. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात, इथला अधिकारी असदखान. पावसाळा लागला आणि निकितिन इथंच अडकला. चार महिने सगळीकडे पाणी नि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. जुन्नरचा पाऊस बघितलेला कुणीही त्यावर मान डोलवेल. इथले लोक घोड्यांना हरभरा खायला घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्यानं टिपलं. मग असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि निरोप दिला: धर्म बदललास तर घोडाही परत मिळेल आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरा तुलाच भराव्या लागतील. मुदत चार दिवस. परक्या मुलखात, भर पावसात एकटा माणूस. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा महंमद मध्ये पडला, त्यानं खानाकडे शब्द टाकला आणि घोडा सुटला.

या गोष्टीत मला सगळ्यात जवळचा वाटला तो हा ख्वाजा महंमद. निकितिनचा तो ना नात्याचा, ना धर्माचा. तोही परदेशातूनच आलेला. बाजाराच्या गावात अशी माणसं लागतात, मध्ये पडणारी. ती असतात तोवरच लांबचा माणूस तिथं माल घेऊन यायचं धाडस करतो.

जुन्नरची श्रीमंती पुढेही टिकली. १६५७ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून तट ओलांडला आणि हे शहर मारलं. हाती आलं त्यात तीन लाख होन आणि दोनशे घोडे. तेव्हा जुन्नर निजामशाही बुडाल्यावर मोगलांकडे गेलेलं होतं. शिवनेरीवर जन्मलेल्या मुलानं लहानपणी तटावरून खाली बघितलं असेल तेव्हा हाच बाजार दिसला असेल, असं वहिनींचा नातू म्हणाला. तो आमच्यात सगळ्यात लहान, नववीतला. मला ते खरं वाटलं. राज्य उभं करणाऱ्याला बाजार कळावाच लागतो.

बाजाराच्या कडेला, रस्ता संपतो तिथं बुरुडांची मांडामांड होती. टोपल्या, दुरड्या, रोवळ्या, कोंबड्यांची डालगी, सुपं. माझं घरातलं सूप गेल्या वर्षी उंदरानं कुरतडलं होतं. मी एक उचललं. विणणारी बाई माझ्याच वयाची असेल. बोलताना तिचे हात थांबत नव्हते. कोयत्यानं बांबूची कांब काढायची, पोटाकडची बाजू तासायची, वाकवून बघायची.

“घट्ट आहे ना?” मी विचारलं.

“हातानं दाबून बघा की ताई. आमच्यात सुपाला बोली नाही लागत, दाबलं की कळतं.”

मी दाबलं. सूप दबलं आणि पुन्हा जागेवर आलं. दोनशे रुपये सांगितले, मी घासाघीस केली नाही. काठ उसवला तर घेऊन या, बांधून देईन, असं ती म्हणाली. “रविवारी मी इथंच असते.”

आता मला एक सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्वदच्या आसपास मी एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होते. तिथं एक बुरूड बाई यायची, नवरा गेलेला. पावसाळ्याआधी बांबू एकदम घेतला तर स्वस्त पडतो, म्हणून तिला दोन हजार रुपये हवे होते. कागदांत काही खोट नव्हती, जामीनदार मिळत नव्हता. वरून उत्तर आलं, जामीनदाराशिवाय नाही. मी तिला “पुढच्या आठवड्यात या” म्हणाले. ती आली. मी पुन्हा तेच म्हणाले. तीनदा आली, चौथ्यांदा आली नाही. नियम माझे नव्हते हे खरं, पण “पुढच्या आठवड्यात या” हे शब्द माझे होते. मी तेव्हाच स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं, किंवा स्वतः कुणाला तरी जामीन राहायला विनवायला हवं होतं. पस्तीस वर्षं ती बाई माझ्या मनातून गेलेली नाही.

ते सूप हातात घेऊनच मी मानमोडीच्या डोंगराकडे निघाले.

तिथं आमचे दोन गट झाले. मोठा गट लेण्याद्रीला गेला, गिरिजात्मजाच्या दर्शनाला. तिथं पायऱ्या तीनशेच्या आसपास, पण बांधलेल्या आहेत, धापा टाकत का होईना चढता येतात. आम्ही सहा जण सरांबरोबर मानमोडीला गेलो. पावसाळ्यानंतरचं गवत कमरेइतकं वाढलेलं, पायवाट शोधत जावी लागली. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी क्वचितच सापडतील. मानमोडीतला अंबा-अंबिका गट शांत, जवळजवळ निर्मनुष्य. अर्धवट राहिलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं लेणं, त्याच्या दर्शनी भागावर आणि आसपास ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. सरांनी पिशवीतून लेखांच्या वाचनाच्या झेरॉक्स काढल्या.

“बाई, हे तुमच्यासाठी,” ते म्हणाले.

लेख ठेवीचा होता. साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणी तरी भिक्षूंच्या सोयीसाठी पैसे गुंतवले आणि ते कुठं, किती व्याजानं गुंतवले हे दगडात कोरून ठेवलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे: महिना पावणेदोन. कासारांच्या श्रेणीकडे: पाव.

मी सरांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. दोनाला पाव कमी, पावणेदोन.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. दान देणारा ठेव ठेवायचा, मुद्दल तसंच राहायचं, श्रेणीनं ते धंद्यात फिरवायचं आणि येणाऱ्या व्याजातून ठरलेलं काम वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. याला अक्षयनीवी म्हणत. मुदत ठेव म्हणावी तर हिला मुदतच नाही. शेजारच्याच एका लेखात अदुथुम नावाच्या शक माणसानं अशीच एका श्रेणीकडे जमीन लावून दिलीय: वीस निवर्तनांचं उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी, नऊ निवर्तनांचं वडाच्या झाडांसाठी. निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप. मूळ परदेशातला माणूस, आणि त्याची काळजी काय, तर झाडांना पाणी मिळावं. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या अमात्यानंही इथं मंडप आणि टाकं दिलं, पण अमात्याकडून ते अपेक्षितच असतं.

मी माझ्या सुपाकडे बघत होते. ज्यांना मी दोन हजारांसाठी जामीनदार मागितला, त्यांच्याकडे एके काळी याच गावात लोक आपल्या ठेवी ठेवत होते. तेही कायमच्या, स्वतःच्या मरणानंतरही व्यवहार चालू राहील या भरवशावर. बुरूड बुडवणार नाहीत, हे इतकं गृहीत की दर दगडात कोरला. आणि सकाळी बाजारात मी ज्यांच्या ज्यांच्यासमोर थांबले, ती धान्याची आजी, बांगड्या-भांडी मांडून बसलेला कासार, ही बुरूड बाई, ते तिन्ही धंदे या डोंगरांत लिहिलेले होते. मला तिथं रडू आलं. कुणी काही विचारलं नाही. वहिनींच्या नातवानं पाण्याची बाटली पुढे केली.

जेवायला दोन्ही गट भेटले. मासवडी, तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी. मासवडी या भागाची खासियत आणि ती इथंच खावी. लेण्याद्रीला गेलेल्यांना सरांनी एक काम देऊन ठेवलं होतं: सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहावरचा लेख शोधून फोटो काढायचा. तो फोटो ताटांवरून फिरला. अक्षरं आम्हाला येत नव्हती, सरांनी सांगितलं. हे चैत्यगृह दिलंय सुलसदत्तानं. हेरणिकाचा, म्हणजे सोनं-नाणं सांभाळणाऱ्याचा मुलगा. राहणार कल्याण.

“आपल्या गावचा!” वहिनी ओरडल्याच.

सगळ्या हॉटेलानं वळून बघितलं. मला वाटतं, सहलीतला सगळ्यात आनंदाचा क्षण तोच. एखाद्या लग्नात अचानक आपल्या आळीतला माणूस भेटावा, तसं.

नाणेघाटाला पोचायला साडेतीन वाजले. आपटाळे, मग डाव्या-उजव्या हाताला किल्ले. चावंड, हडसर, जीवधन आणि मागे शिवनेरी. घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला ते उभे केले, असं वाचलेलं असतं. पण एकामागोमाग एक ते दिसत गेले तेव्हा कळलं, या वाटेवरून किती मोलाचा माल जात असेल. घाटघरच्या पुढे पठार एकदम संपतं. कड्याच्या तोंडाशी तो दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सगळे सांगतात. मी काठावरून हात फिरवला. कडा गुळगुळीत झाल्या आहेत. किती हात, कुणाचे हात.

दोन कड्यांमधल्या अरुंद नळीतून दगडी पायऱ्या खाली कोकणात उतरतात. थोडं उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर नागणिका राणीचा लेख असलेलं लेणं लागतं. सातवाहनांची राणी, राजा सातकर्णीची पत्नी. समोरच्या भिंतीवर एके काळी घराण्याचे पुतळे होते, सिमुक सातवाहनापासून राजपुत्रांपर्यंत. आता वर नावं राहिली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. बाजूच्या भिंतींवर यज्ञ आणि त्यांची दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि आकडे. भारतातले अगदी जुने आकडे म्हणून हा लेख ओळखला जातो. शून्य नाही. चोवीस हजार चारशे लिहायचे तर वीस हजाराची खूण, चार हजाराची खूण, चारशेची खूण, एकामागे एक. जन्मभर आकड्यांत राहिलेल्या माझ्यासारखीला त्या भिंतीपुढे उभं राहणं हे एक देवदर्शनच.

तरीही मी स्वतःशी कबूल केलं, माझं मन मानमोडीत मागे राहिलं होतं. इथले आकडे राजघराण्याचे, हजारांचे. तिथला आकडा पावणेदोन.

वारा इतका की उभं राहणं मुश्कील. खाली मुरबाडचा मुलूख, सकाळी थांबलो होतो तो रस्ता दोऱ्यासारखा. वैशाखऱ्याकडून एक माणूस वर आला, डोक्यावर कसलंसं बोचकं. घाटघरला मुलीकडे निघाला होता. “गाडीनं दिवस जातो,” तो म्हणाला, “असं अडीच तासांत येतो.” त्यानं रांजणाशी टेकून बिडी ओढली आणि पठारावर चालू लागला.

परतीला माळशेजात अंधार झाला. गाडीत बहुतेक झोपले होते. वैशाखऱ्याचे दिवे मागे गेले तेव्हा मी आणि सर दोघेच जागे.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सूप बघितलं. हळदीकुंकू लावून ते चुलीच्या कोनाड्यात, म्हणजे आता गॅसच्या ओट्याशेजारी, भिंतीला टेकवून ठेवलं. कितीला घेतलं विचारलं. मग म्हणाली, काठ उसवला तर बांधून देईन म्हणाली ना ती बाई, पण दुकान नाही, नाव-नंबर नाही, कशावरून?

रविवारी ती तिथंच असते, मी म्हटलं, आणि आजीकडून आणलेला तांदूळ त्यात पाखडायला घेतला.